सांकवाळचा वाटसरू : धर्मानंद कोसंबी

आपल्या सर्वण गावाहून डिचोलीस जावे आणि तेथून लामगावची वाट धरावी, म्हणजे जांभ्या दगडात कोरलेल्या जुन्या गुंफा दृष्टीस पडतात. साखळीजवळच्या हरवळ्याला धबधबा पाहावयास आपण सहलीने जातो, तेव्हा तेथेही अशाच गुंफा दिसतात. लोक त्यांना पांडवांच्या गुंफा म्हणतात. आपण क्षणभर आत डोकावतो, गारव्यात विसावा घेतो आणि पुढे चालू लागतो. या गुंफा मुळात बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी कोरल्या गेल्या असाव्यात, असे कित्येक संशोधकांचे मत आहे. बारदेशातील कोलवाळ गावी १९३० साली फादर हेरास या इतिहाससंशोधकांना बुद्धाची एक पाषाणमूर्ती आढळली होती. यावरून, एके काळी आपल्या गोमंतकातही बुद्धाचे नाव घेणारी माणसे राहत होती, एवढे तरी निश्चित म्हणता येते. पुढे काळाच्या ओघात ते नाव या मातीतून पुसले गेले. रिकाम्या गुंफा तेवढ्या वाटेच्या कडेला उरल्या.

विद्यार्थी मित्रांनो, ज्या धर्माच्या खुणा आपल्या गावच्या वाटेवर उभ्या होत्या, तो समजून घेण्यासाठी याच गोमंतकातील एका तरुणाला उभा-आडवा हिंदुस्थान पालथा घालावा लागला. हिमालयाच्या कुशीपासून सिंहलद्वीपापर्यंत आणि तेथून ब्रह्मदेशापर्यंत त्याने वाट तुडविली. त्या तरुणाचे नाव धर्मानंद दामोदर कोसंबी.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी आजच्या मुरगाव तालुक्यातील सांकवाळ या गावी झाला. घरची स्थिती बेताची, भावंडे पुष्कळ आणि स्वतः धर्मानंद प्रकृतीने अशक्त. त्या काळी गोव्यावर पोर्तुगीजांची सत्ता होती. खेड्यातील मुलाला मराठी शिक्षण मिळावयाचे ते एखाद्या पंतोजींच्या शाळेत, तेही अधूनमधून. धर्मानंदांचे शालेय शिक्षण असेच तुटकतुटक झाले आणि लवकरच थांबले. घरच्या माडांच्या बागायतीची देखरेख त्यांच्याकडे आली. १८९१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांचा विवाह बाळाबाईंशी झाला. पुढील आयुष्य नारळ मोजण्यात आणि संसाराची तोंडमिळवणी करण्यात जावयाचे, हे जणू ठरूनच गेले होते.

परंतु या मुलाला वाचनाचे विलक्षण वेड होते. मिळेल ते मराठी पुस्तक आणि मिळेल ते मासिक तो वाचून काढी. त्या वेळी विनायक कोंडदेव ओक हे ‘बालबोध’ नावाचे मुलांचे मासिक चालवीत असत. १८९७ च्या सुमारास त्या मासिकातील बुद्धाचे एक लहानसे चरित्र धर्मानंदांच्या वाचनात आले. पाने थोडी होती, भाषा मुलांना कळेल अशी साधी होती. पण त्या चार पानांनी एकवीस वर्षांच्या या तरुणाच्या मनाचा ठाव घेतला. ज्या पुरुषाने दुःखाचे कारण शोधण्यासाठी राज्य सोडले, त्याचा उपदेश मूळ ग्रंथांतून समजून घ्यावा आणि तो आपल्या मराठी बांधवांना सांगावा, ही एकच तळमळ त्यांना लागून राहिली. मित्रांनो, मुलांसाठी काढलेले एखादे मासिक काय करू शकते, याचे हे उदाहरण आपल्या या वार्षिकातून सांगताना विशेष आनंद वाटतो.

तळमळ खरी, पण साधने कोणती होती? संस्कृत येत नव्हते. पाली भाषेचा तर गंधही नव्हता. इंग्रजी नाही, पैसा नाही, ओळखीपाळखी नाहीत. घर सोडण्याचा प्रयत्न त्यांनी यापूर्वीही केला होता. पण प्रत्येक वेळी काही तरी अडचण येऊन ते परत फिरले होते. वडिलांच्या निधनानंतर, १८९९ सालाच्या अखेरीस, त्यांनी निश्चयाने सांकवाळ सोडले. त्या वेळी घरी तरुण पत्नी होती आणि त्यांची पहिली कन्या माणिक ही काही महिन्यांची तान्ही होती. या गोष्टीचा विसर पडू देता कामा नये. धर्मानंदांच्या प्रवासाचे मोल त्यांनी एकट्यानेच दिले असे नाही. मागे राहिलेल्या बाळाबाईंनीही ते दिले. वाटेवरच्या माणसाला निदान रोज नवा मुलूख दिसतो. दारात बसून वाट पाहणाऱ्याला तीच वाट दिसते. पती केव्हा परत येईल, येईल की नाही, हे सांगणारे कोणीही नसताना त्या बाईंनी ती वर्षे काढली.

गोव्याची हद्द ओलांडून धर्मानंद पुण्यास आले. ज्याने आयुष्यभर कोकणपट्टीचा मुसळधार पाऊस, माडांची गर्द सावली आणि खाडीचे दमट वारे अनुभवले, त्याला घाटमाथ्यावरचा तो कोरडा मुलूख अगदीच परका वाटावा असा होता. त्यात ते वर्ष फार वाईट होते. १८९९ साली पावसाने दगा दिला होता आणि दख्खन, गुजरात, राजपुताना व मध्य हिंदुस्थान या प्रांतांवर भीषण दुष्काळ कोसळला होता. गुजरात-राजस्थानाकडे अजूनही हा दुष्काळ छप्पनचा दुष्काळ म्हणून आठवला जातो. पुण्यात प्लेगने ठाण मांडले होते. अशा दिवसांत एक निष्कांचन, अनोळखी तरुण विद्येची भिक्षा मागावयास आला. त्याचे भाग्य असे की, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या थोर पंडिताची भेट त्याला घडली आणि त्यांचे साहाय्यही लाभले. संस्कृताचे पहिले धडे येथे सुरू झाले. परंतु पुण्यात फार काळ राहणे जमेना. शास्त्राचे सखोल अध्ययन करावयाचे तर काशीस गेले पाहिजे, हे त्यांच्या मनाने घेतले आणि ते उत्तरेकडे निघाले.

माळव्यातून ग्वाल्हेर आणि ग्वाल्हेरीहून काशी असा तो मार्ग होता. आगगाडीचे भाडे हाती असेल तेथे गाडीने, नसेल तेथे पायी, कोणी दिले तर जेवावे, न दिले तर पाणी पिऊन निजावे, असा हा प्रवास. काशीत पोहोचल्यावर पोटाचा प्रश्न अन्नछत्राने सोडविला. तेथे ब्राह्मण विद्यार्थ्यांना एक वेळ भोजन मिळे. महामहोपाध्याय गंगाधरशास्त्री तेलंग यांच्या परंपरेत राहून धर्मानंदांनी कौमुदी आणि काव्य यांचा अभ्यास आरंभिला. काशीचे हवामान म्हणजे परदेशी माणसाची परीक्षाच! वैशाख-ज्येष्ठात उष्ण वारा असा वाहतो की, दुपारी घाटाच्या पायऱ्यांवर पाऊल ठेववत नाही. पौष-माघात गंगेवरून थंड धुके चालून येते आणि हाडे गोठवून टाकते. गोव्यात ज्याने कधी घोंगडीची फारशी गरज जाणली नाही, त्या देहाने अपुऱ्या वस्त्रांनिशी हे दोन्ही ऋतू सोसले. व्याकरणाची सूत्रे मात्र चुकली नाहीत.

काशीजवळच सारनाथ आहे. बुद्धाने आपला पहिला उपदेश तेथे केला. आज आपल्या नाण्यांवर आणि नोटांवर जी सिंहांची मुद्रा आपण पाहतो, तो अशोकस्तंभाचा सिंहशीर्ष सारनाथच्या मातीतून १९०५ साली वर आला. म्हणजे धर्मानंद काशीत शिकत होते, तेव्हा ते सिंह अद्याप जमिनीखाली निजले होते! या योगायोगाचा थोडा विचार करण्यासारखा आहे. कुशीनगर येथील बुद्धाची महापरिनिर्वाणमूर्ती उत्खननात सापडली ती १८७६ साली, म्हणजे धर्मानंदांच्या जन्माच्याच वर्षी. बुद्धाचे जन्मस्थान लुंबिनी कोणते, हे दाखविणारा अशोकाचा लेख नेपाळच्या तराईत उजेडात आला तो १८९६ साली, म्हणजे त्यांनी ‘बालबोध’ हाती घेण्याच्या थोडेच आधी. कुदळीने माती उकरणारे एकीकडे बुद्धाच्या खुणा शोधीत होते. आणि दुसरीकडे एक मराठी तरुण त्याच बुद्धाचे शब्द शोधीत अनवाणी चालला होता.

बौद्ध धर्म नेपाळात जिवंत आहे, असे धर्मानंदांच्या कानी आले होते. १९०२ सालाच्या आरंभी एका नेपाळी सहाध्यायाच्या सोबतीने ते तिकडे निघाले. त्या काळी नेपाळात जाणे सोपे नव्हते. आज विमान काठमांडूच्या खोऱ्यात अलगद उतरते. त्या वेळी चाकांचा रस्ताही तेथवर गेलेला नव्हता. सरहद्दीवर रक्सौल आणि वीरगंज. तेथून पुढे तराईचे घनदाट अरण्य. या अरण्यातील हिवताप इतका जीवघेणा होता की, उन्हाळा-पावसाळ्यात तेथे रात्र काढण्याचे धाडस परका माणूस करीत नसे. म्हणून यात्रेकरू थंडीच्या दिवसांत, महाशिवरात्रीच्या सुमारास, ही वाट चालत. अरण्य संपले की भीमफेदी आणि तेथून चिसापाणी गढीचा उभा चढ. चिसापाणी म्हणजे थंड पाणी. नाव किती सार्थ आहे, हे तेथल्या झऱ्यात हात घातल्यावर कळावे. शेवटी चंद्रागिरीची खिंड. खाली तराईत घाम निथळावा आणि वर खिंडीत दातखीळ बसावी, असे दोन-चार दिवसांत दोन ऋतू बदलणारी ती वाट! परंतु चंद्रागिरीच्या माथ्यावर उभे राहिले की, हिरवेगार खोरे, त्यातील देवळांचे कळस आणि पलीकडे हिमशिखरांची रांग एकदम नजरेसमोर येते. आणि मागचे सर्व कष्ट विसरले जातात.

काठमांडूस पशुपतिनाथ आहे. टेकडीवर स्वयंभूनाथाचा स्तूप आहे. थोड्या अंतरावर बौद्धनाथाचा प्रचंड घुमट आहे. स्तूपाच्या चारही अंगांना रंगविलेले ते नेत्र आल्या-गेल्याकडे शांतपणे पाहत असतात. सामान्य प्रवासी हे पाहून धन्य झाला असता. धर्मानंद मात्र निराश झाले. स्तूप होते, पूजा होती, फिरणारी प्रार्थनाचक्रे होती. पण ज्यासाठी ते एवढ्या दूर आले होते, ते बुद्धवचनांचे अध्ययन तेथे त्यांना आढळले नाही. धर्माच्या नावावर चाललेल्या कित्येक प्रथा पाहून तर त्यांचे मन उद्विग्न झाले. रिकाम्या हातांनी, त्याच चढउतारांच्या वाटेने, ते खाली परतले.

मित्रांनो, येथे आपण क्षणभर थांबू. माणसाची खरी कसोटी चढावर लागत नाही, ती अशा परतीच्या वाटेवर लागते. घरदार सोडून दोन वर्षे झाली होती. हाती काही लागले नव्हते. सांकवाळची वाट अजून मोकळी होती. धर्मानंद त्या वाटेला वळले नाहीत. ते बुद्धगयेला गेले. तेथील पुरातन मंदिराची डागडुजी दोन दशकांपूर्वीच झाली होती आणि बोधिवृक्षाखाली देशोदेशींचे भिक्षू येऊन बसत होते. ज्या पाली ग्रंथांचा त्यांना ध्यास होता, ते ग्रंथ सिंहलद्वीपात गुरुमुखातून शिकता येतील, असे त्यांना समजले. झाले! कलकत्त्याच्या महाबोधि सभेचे साहाय्य घेऊन ते थेट दक्षिणेकडे निघाले. ज्या महिन्यात हिमालयाच्या पायथ्याशी थंडीने ते कुडकुडत होते, त्यानंतर थोड्याच दिवसांत समुद्र ओलांडून ते लंकेच्या किनाऱ्यावर उतरले. तेथे पुन्हा माड, पुन्हा खारे वारे, पुन्हा भरून येणारे आभाळ! गोव्याच्या सुपुत्राला हे दृश्य पाहून काय वाटले असेल, याची कल्पना आपण किनाऱ्यावरची माणसे सहज करू शकतो.

कोलंबो येथे विद्योदय परिवेण नावाचे विद्यापीठ १८७३ साली स्थापन झाले होते. हिक्कडुवे सुमंगल हे महास्थविर त्याचे प्रमुख होते. त्यांच्या चरणांशी बसून धर्मानंदांनी पालीचे अध्ययन सुरू केले आणि १९०२ सालीच श्रामणेराची दीक्षा घेतली. पाली ग्रंथ तेथे सिंहली लिपीत लिहिलेले. म्हणून ती लिपीही शिकणे आले. अन्न मानवेना, प्रकृती बिघडे. पण अभ्यासात खंड पडला नाही. पुढे मद्रासमार्गे ते ब्रह्मदेशास गेले. तेथे ब्रह्मी लिपी आणि भिक्षूंची ध्यानपद्धती यांचा परिचय करून घेतला. मध्यंतरी उत्तर हिंदुस्थानात येऊन भिक्षूच्या वेषात त्यांनी बौद्ध तीर्थक्षेत्रांची यात्रा केली. पावसाळ्यात भिक्षूने एका ठिकाणी राहावे, असा बौद्ध संघाचा जुना नियम आहे. त्याला वर्षावास म्हणतात. हा नियम ज्यांनी घातला, ते स्वतः आयुष्यभर पायी हिंडले होते आणि आपल्याकडचा पावसाळा काय करतो, हे त्यांना पुरते ठाऊक होते. पावसाळ्यातील तीन महिने थांबून चिंतन करण्याचे आणि बाकीचे महिने वाट चालण्याचे, असे ते जीवन. धर्मानंदांनी पुस्तकातील बुद्ध अशा रीतीने पायांनीही वाचला.

१९०६ साली ते कलकत्त्यास स्थिर झाले. भिक्षूची वस्त्रे त्यांनी उतरून ठेविली; कारण मिळविलेली विद्या समाजात राहून समाजाला द्यावी, असे त्यांना वाटू लागले होते. कलकत्ता विद्यापीठात पालीच्या अध्यापनाचे काम त्यांना मिळाले. जो मुलगा शाळा पुरी करू शकला नव्हता, तो आता विद्यापीठात शिकवू लागला! त्याच वर्षाच्या उत्तरार्धात, जवळजवळ सात वर्षांनंतर, धर्मानंद गोव्यास परत आले. तान्ही टाकून गेलेली माणिक आता सात वर्षांची झाली होती. वडिलांचा चेहरा तिने प्रथमच जाणतेपणी पाहिला. बाळाबाईंचा वनवास संपला. पुढील वर्षी, १९०७ च्या जुलैमध्ये, त्यांना पुत्र झाला. आजोबांच्या नावावरून त्याचे नाव दामोदर ठेविले.

येथून पुढचे चरित्र कीर्तीचे आहे; ते थोडक्यात सांगतो. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करण्यासाठी दरमहा ५० रुपयांचे वेतन देऊ केले. कलकत्त्याची नोकरी सोडून धर्मानंदांनी ते आनंदाने स्वीकारले. कारण आपले ज्ञान मराठी माणसाला मराठीतच द्यावे, हा त्यांचा मूळचा हेतू होता. १९१० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना बोलाविले. तेथील विद्वान हेन्री क्लार्क वॉरन यांनी ‘विसुद्धिमग्ग’ या महान पाली ग्रंथाचे संपादन हाती घेतले होते. पण १८९९ साली ते मृत्यू पावले आणि काम अपुरे राहिले. त्याच वर्षी सांकवाळहून निघालेल्या माणसाने ते पुरे केले. त्यासाठी धर्मानंदांनी पुनःपुन्हा अमेरिकेची वारी केली. एका खेपेस माणिक आणि दामोदर या मुलांनाही शिक्षणासाठी सोबत नेले. १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली आणि शिष्यांची एक पिढी तयार केली. १९२९ साली ते रशियातील लेनिनग्राडलाही जाऊन आले. ‘निवेदन’ हे त्यांचे आत्मकथन आणि ‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा ग्रंथ मराठी वाङ्मयात मानाने मिरवतात. आत्मकथन तर इतक्या साध्या भाषेत लिहिले आहे की, आपल्यापैकी कोणालाही ते वाचता यावे.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. तेव्हा धर्मानंद चौपन्नाव्या वर्षात होते. ग्रंथ बाजूला ठेवून ते शिरोड्याच्या सत्याग्रहात सामील झाले आणि पुढे त्यांनी कारावासही भोगला. शिरोडे गाव आपल्या पेडण्याच्या उत्तरेस, तेरेखोल नदीच्या पलीकडे थोड्याच अंतरावर आहे. नदीच्या अलीकडे पोर्तुगीजांचे राज्य, पलीकडे इंग्रजांचे. ज्याने अर्धे जग पाहिले होते, तो वाटसरू आपल्या जन्मभूमीच्या उंबरठ्यापाशी येऊन स्वातंत्र्याच्या लढ्यात उभा राहिला. त्याच वर्षी, आरंभी सांगितल्याप्रमाणे, कोलवाळची बुद्धमूर्ती उजेडात आली. देश स्वतंत्र होण्यापूर्वी दोन महिने, १९४७ च्या जून महिन्यात, सेवाग्राम येथे धर्मानंदांचे निधन झाले. गोवा मुक्त झाला तो १९६१ च्या डिसेंबरमध्ये. तो दिवस पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. हार्वर्डचा ‘विसुद्धिमग्ग’ही त्यांच्या पश्चात, १९५० साली, प्रसिद्ध झाला.

त्यांचे पुत्र दामोदर हे पुढे थोर गणिती आणि इतिहासकार म्हणून नावाजले. पित्याप्रमाणे त्यांनाही चालण्याची आवड होती. पुण्याभोवतीचे डोंगर पायी तुडवून, जुन्या व्यापारी वाटा आणि त्या वाटांलगतच्या बौद्ध लेणी यांचा संबंध त्यांनी दाखवून दिला. लेणी आडरानात उगीच कोरलेली नसतात. ज्या वाटेने माणसे, बैल आणि माल जात-येत असे, त्या वाटेच्या आधाराने ती उभी राहतात, हे त्यांनी लोकांच्या नजरेस आणले. १९६६ साली ते वारले.

मित्रांनो, पुढच्या सहलीत आपण लामगावला किंवा हरवळ्याला जाऊ, तेव्हा त्या जांभ्या दगडाच्या गुंफेत जरा अधिक वेळ थांबू या. येथे कोण राहिले असेल, ते कोणत्या वाटेने आले असेल, पावसाळ्याचे चार महिने त्यांनी कसे काढले असतील, असे प्रश्न मनात येऊ देऊ या. सांकवाळच्या एका अशक्त, निर्धन मुलाने असेच प्रश्न मनात धरले आणि त्यांची उत्तरे मिळेपर्यंत ऊन, थंडी, पाऊस यांची पर्वा न करता तो चालत राहिला. आपल्याला आता तेवढे चालावे लागणार नाही. त्यांनी चालून आणलेले धन मराठी ग्रंथांच्या रूपाने आपल्यासमोर ठेविले आहे. ते ग्रंथ उघडून वाचणे, एवढे तरी आपण करू या. आणि ते वाचताना, त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या बाळाबाईंचेही स्मरण ठेवू या.